छगनभाऊचं थांबणं

१९७३ सालची लग्नसराई संपता संपता छगनभाऊ धुळ्याहून भुसावळला माझ्या घरी आला आणि पाण्याचा तांब्याही न घेता त्याने माझं बोट धरून आपल्या पुढच्या दातावर ठेवलं.

"देख बरं अभिमन, हालस का?"

दात हलत होता. शेजारचाही हलत होता. मी बोट पंचाला पुसलं आणि म्हणालो, "हलतात. पन्नाशी आली की माणसाचं सगळंच हलायला लागतं."

"डॉक्टर म्हने दिवाळीलोंग टिकतीन," तो म्हणाला आणि ओट्यावर बसून राहिला.

दुसऱ्या कुणाचे दात असते तर मी हसून सोडून दिलं असतं. पण छगन भिला अहिरे ट्रम्पेट वाजवायचा. ट्रम्पेटवाल्याचे ओठ पुढच्या दोन दातांच्या आधारावर उभे असतात. ते दात गेले की फुंकलेली हवा नुसती फुसफुसते. कवळी बसवून वाजवणारे असतात म्हणे, पण ते आमच्याकडे कुणी पाहिले नाहीत. म्हणजे छगनभाऊकडे जेमतेम पाच महिने उरले होते, आणि नेमकं त्याच महिन्यात त्याला पंधरा वर्षांनी रेकॉर्डिंगचं बोलावणं आलं होतं. देव अशा वेळा कुठून शोधून काढतो ते मला ठाऊक नाही. पण त्याला त्यात हातखंडा आहे एवढं खरं.

पंधरा वर्षांपूर्वी आम्ही चौघं होतो. छगनभाऊ लोको शेडमध्ये टेम्पररी खलाशी. त्याच शेडमधला फिटर चुडामण ड्रम वाजवायचा. तार ऑफिसचे फर्नांडिस बाबू पियानोवर, आणि मी पार्सल ऑफिसातला कारकून, क्लॅरिओनेटवर. दर शनिवारी संध्याकाळी रेल्वे इन्स्टिट्यूटमध्ये अँग्लो-इंडियन साहेबलोकांचा नाच असे, त्याला आमची साथ. हे सगळं आम्हाला शिकवलं पर्किन्स नावाच्या इंजिन ड्रायव्हरने. तोंडाने फाटका माणूस, पण कानाचा राजा. ट्रम्पेट दाबून वाजवायचं नाही, हा त्याचा पहिला कायदा. ट्रम्पेट तो दोरीने छताला टांगायचा, छगनभाऊचे हात पाठीमागे बांधायला लावायचा आणि नुसते ओठ टेकवून सूर काढायला सांगायचा. जरा जोर लावला की ट्रम्पेट झोका घेऊन लांब जायचं, आणि परत येऊन नाकावर आपटायचं. छगनभाऊचं नाक त्या वर्षी कायम सुजलेलं असे.

दुसरा कायदा थांबण्याचा. चौघांनी मिळून चाल म्हणायची, मग एकेकाने आपल्या मनाचं वाजवायचं. एकाचं झालं की त्याने वाद्य तोंडापासून काढायचं आणि पुढच्याला जागा द्यायची. छगनभाऊ त्या वेळी थांबायचा तेही ऐकण्यासारखं असे. आपला सूर अर्ध्यावर ठेवून असा बाजूला व्हायचा, की पुढे काय बोलायचं ते माझ्या क्लॅरिओनेटला आपोआप सुचायचं. मी काही मोठा वाजवणारा नव्हतो. त्याने दिलेल्या जागेत उभा राहून मी मोठा वाटायचो, हे मी आज मोकळेपणाने सांगतो.

अठ्ठावन्न साली मुंबईच्या एका कंपनीने आमची एक रेकॉर्ड काढली. दोन बाजूंना पर्किन्सच्या दोन चाली. विकली कितपत गेली देव जाणे. साठ साली पर्किन्स बायकापोरांसकट ऑस्ट्रेलियाला गेला, त्याच्या मागोमाग निम्मी अँग्लो-इंडियन कॉलनी गेली, आणि शनिवारचा नाच बंद पडला. छगनभाऊचं टेम्पररी काही पर्मनंट झालं नाही. घरी बायको धुरपदाबाई आणि तीन मुली. तो धुळ्याला तोताराम मास्तरांच्या लग्नाच्या बँडमध्ये गेला.

लग्नाचा बँड ही काही हसण्यावारी नेण्याची गोष्ट नव्हे. वैशाखात शिरपूर-पारोळ्याच्या उन्हात लाल कोट, सोनेरी पट्ट्या, डोक्यावर टोपी. पितळ एवढं तापतं की ओठाला चटका बसतो, म्हणून ट्रम्पेटच्या मुखाला ओली चिंधी गुंडाळायची. मागे अठरा ढोल-ताशे, आणि त्या सगळ्यांवरून मुख्य ट्रम्पेटने गाणं ऐकवायचं. मारुतीच्या पारावरून नवरदेव निघाला की मांडवापर्यंत मुखडा सोडायचा नाही. घोडं अडलं, मामा नाचायला लागले, तरी तोच मुखडा पुन्हा पुन्हा. तोताराम मास्तरांचं एकच सांगणं होतं, "ट्रम्पेट खाले उतरनं का वरात बसनी समज." छगनभाऊने तेरा वर्षं ट्रम्पेट खाली उतरवलं नाही. ओठ थकले की त्याने मुख दातांवर दाबलं, अजून थकले की अजून दाबलं. दात त्यानेच हलले.

आता हे बोलावणं. जळगावला जवरीलाल शेठचं रेडिओ-ग्रामोफोनचं दुकान आहे. त्यांचा मुलगा ज्ञानचंद गोदामातला जुना माल उपसत होता, त्यात त्याला आमची रेकॉर्ड सापडली. त्याने ती लावली, आणि मुलगा येडा झाला. मारवाड्याचा पोरगा दुकान सोडून चार रेल्वेवाल्यांचा पत्ता शोधत हिंडतो, हे ऐकून त्याच्या आईने, जतनबाईंनी, म्हणे कपाळाला हात लावला. ज्ञानचंदला छगनभाऊ सापडला धुळ्यात, आग्रा रोडवर, एका वरातीच्या पुढे, लाल कोटात. मुंबईच्या एका रेकॉर्ड कंपनीत ज्ञानचंदच्या ओळखीचे गृहस्थ होते. चौघांची टेप करून पाठवा, पसंत पडली तर रेकॉर्ड काढू, असं त्यांनी लिहून दिलं होतं.

"एक डाव," छगनभाऊ ओट्यावरून मला म्हणाला. "दात जावाना पहिले एक डाव आपलं चार जणनं व्हवाले पाहिजे. मंग काय व्हयी ते व्हयी."

मी हो म्हणालो. मी नाही कसा म्हणणार होतो? तेरा वर्षं माझं क्लॅरिओनेट गणपतीच्या आरतीपुरतं पेटीतून निघत होतं.

बँडवाल्यांना वर्षात एकच निवांत पंधरवडा मिळतो. पितृपक्ष. गणपती बुडालेले असतात, नवरात्र बसायचं असतं, आणि त्या दिवसांत कुणी लग्न सोडा, नवा झाडूसुद्धा घरात आणत नाही. छगनभाऊला दुसरी सवड नव्हती, म्हणून रेकॉर्डिंग त्याच पंधरवड्यात ठरलं. माझी बायको सुनंदा म्हणाली, "चांगलं काम श्राद्धपक्षात काढताय, बघा बाई." मी तिला म्हणालो, पितरांना ट्रम्पेटशी काय घेणंदेणं? पुढे जे झालं त्याचा दोष ती अजून पितरांना देते. मी देत नाही. पितरांवर ढकलून मोकळं होता आलं असतं तर मला बरीच झोप लागली असती.

छगनभाऊ आठ दिवस आधी येऊन राहिला. त्याला भाकरी चावत नव्हती. सुनंदा ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी दुधात कुस्करून द्यायची आणि तो मान खाली घालून खायचा. पहिल्या दिवशी आमच्या मधल्या खोलीत त्याने ट्रम्पेट तोंडाला लावलं तेव्हा फळीवरची भांडी वाजली, आणि शेजारच्या झुंबरबाई कुणाचं लग्न म्हणून विचारायला आल्या. तो ओशाळला. मग त्याने सुतळी मागून घेतली, पाळण्याच्या कडीला ट्रम्पेट टांगलं, हात पाठीमागे घेतले आणि उभा राहिला. अठ्ठेचाळीस वर्षांचा माणूस, आजोबा झालेला. ट्रम्पेट झोका घेऊन परत यायचं आणि नाकावर आपटायचं. मी आधी हसलो, मग मला हसवेना.

पाचव्या दिवशी सूर उतरला. एकच, पण खरा. मऊ, आणि कडेला जरासा धुरकट, तसा. सुनंदा स्वयंपाकघरातून बाहेर येऊन दाराशी उभी राहिली. छगनभाऊच्या चेहऱ्यावर जे आलं ते मी पुन्हा कधी पाहिलं नाही. त्या दिवशी मला वाटलं होतं की होईल. हे लिहून ठेवतो, कारण नंतर सगळेच म्हणायला लागले की आम्हाला आधीच माहीत होतं.

रेकॉर्डिंगच्या दिवशी सकाळी ज्ञानचंद जळगावहून टेपरेकॉर्डर मांडीवर घेऊन आला. इन्स्टिट्यूटच्या हॉलमध्ये पियानो होता, उंदरांनी त्यातले दोन सूर खाल्लेले. फर्नांडिस बाबू रिटायर झाले होते, त्यांनी ते दोन सूर चुकवून वाजवायचं कबूल केलं. मध्ये एक माईक, भोवती आम्ही चौघं खुर्च्यांवर. छगनभाऊची खुर्ची सगळ्यात लांब ठेवली. चुडामणने तारांचे ब्रश ड्रमवर टेकवले, ज्ञानचंदने बोट वर केलं आणि आम्ही सुरू केलं.

चाल छान उठली. पहिल्या फेरीत छगनभाऊ इतका जपून वाजवत होता की मला डोळे मिटावेसे वाटले. पण ड्रमचा ठेका अंगात भिनला आणि त्याचे पाय हलायला लागले. बसल्या जागी डावा-उजवा, डावा-उजवा. बूट लाकडी जमिनीवर वाजू लागले. त्याबरोबर ट्रम्पेट चढलं. माझी जागा आली. मी क्लॅरिओनेट ओठांना लावून श्वास घेतला, आणि छगनभाऊने मुखडा परत धरला. मी थांबलो. पुढची फेरी संपली, मी पुन्हा श्वास घेतला, त्याने पुन्हा मुखडा धरला. डोळे मिटलेले, गळ्याच्या शिरा फुगलेल्या. घोडं कुठंतरी अडलं होतं आणि हा ते पुढे सरकायची वाट बघत होता.

ज्ञानचंदने टेप बंद केली. छगनभाऊ डोळे उघडून म्हणाला, "अभिमन, मी थांबनूच नही ना?"

"नाही थांबलास," मी म्हणालो. आम्ही सगळे हसलो, तोही हसला.

दुसऱ्यांदा त्याने बूट काढून ठेवले. पाय अनवाणी वाजले, आणि मुखडा सुटला नाही. तिसऱ्यांदा फर्नांडिस बाबूंनीच मध्येच पियानोवरून हात उचलले आणि खिडकीबाहेर बघत बसले. आता कुणी हसत नव्हतं. गाढवाच्या पाठीवर गोणी नसली तरी ते ठरल्या वाटेनेच जातं, तसं त्याचं झालं होतं. हे वाक्य तेव्हा माझ्या मनात आलं याची मला लाज वाटते, पण आलं होतं. मी चिडलो होतो. तेरा वर्षं मीही वाट बघितली होती आणि माझी जागा हा माणूस चौथ्यांदा खाणार होता.

चौथ्या वेळी मी खुर्ची त्याच्याजवळ ओढली, आणि माझी जागा आली तसा डावा हात त्याच्या दंडावर ठेवला. ठेवला म्हणजे दाबलाच. तो दचकला आणि त्याने ट्रम्पेट खाली घेतलं.

मी वाजवलं. किती वेळ ते टेपनेच सांगावं, एखादं मिनिट असेल. पण आयुष्यात मी कधी तसं वाजवलं नव्हतं. रागाने वाजवलं असेल, किंवा तेरा वर्षांच्या साठलेल्याने. चुडामण ब्रश फिरवताना माझ्याकडे बघत राहिला. छगनभाऊ ट्रम्पेट मांडीवर ठेवून मान कलती करून ऐकत होता, अगदी पूर्वीसारखा. माझं झालं, फर्नांडिस बाबूंचं झालं, आणि पुन्हा त्याची जागा आली.

त्याने ट्रम्पेट ओठांना लावलं आणि सूर आला नाही. नुसती हवा आली. त्याने परत फुंकलं, सूर चिरकला. तिसऱ्यांदा फुंकलं तेव्हा ट्रम्पेटच्या मुखावर रक्त दिसलं.

मला ते तेव्हा कळलं, आणि त्यालाही. तेरा वर्षांत त्याचे ओठ मध्ये थांबले नव्हते. चालू असेपर्यंत ते ओठ दातांवर दाबलेले, बधीर झालेले, म्हणून चालत होते. दोन टेपांमध्ये पुरता विसावा मिळाला तर ते ताळ्यावर यायचे, पण ऐन चालीत दोनच मिनिटं मोकळे सोडले की ते सुजायचे, आणि हलणाऱ्या दातांवर परत टेकायचे नाहीत. म्हणजे थांबला नाही तर चौघांचं वाजवणं नाही, आणि थांबला तर तो नाही. तिसरी वाट नव्हती. इतकं स्वच्छ गणित मी पार्सल ऑफिसातही कधी पाहिलं नाही.

ज्ञानचंद भला मुलगा. तो म्हणाला, "छगन मास्तर, पहिली टेपच पाठवू. जोरकस आहे, लोकांना आवडेल."

छगनभाऊने ओठाला रुमाल धरून सगळं परत लावायला सांगितलं. पहिल्यापासून. त्याने स्वतःला तीनदा ऐकलं, बुटांसकट. एकदाही मान वर केली नाही. मग चौथं लागलं. माझं वाजवणं आलं तेव्हा त्याने रुमाल काढून कान पुढे केला.

"ज्ञानचंदशेठ," तो म्हणाला, "फर्नांडिस बाबूनं जठे संपस, तठेच बंद करा. मनं पुढलं काढी टाका. आन पहिलं तिन्ही बी पुसी टाका."

मी तेव्हा बोलायला हवं होतं. तुझ्याशिवाय पाठवायचं नाही, असं म्हणायला हवं होतं. चुडामण तसं म्हणाला, फर्नांडिस बाबूही पुटपुटले. मी क्लॅरिओनेटचे सांधे सोडवून पेटीत भरत बसलो. मला माझं ते मिनिट मुंबईला जायला हवं होतं. एवढी साधी गोष्ट होती, आणि छगनभाऊने ती माझ्या तोंडावरून वाचली असावी, कारण त्याने माझ्याकडे बघून मान हलवली आणि तो बूट घालायला लागला. संध्याकाळच्या गाडीने तो चाळीसगावमार्गे धुळ्याला परत गेला. स्टेशनवर आम्ही चहा घेतला आणि नवरात्रात कुणाच्या सुपाऱ्या आहेत यावर बोललो.

मुंबईहून उत्तर दिवाळीनंतर आलं. ज्ञानचंद स्वतः घेऊन आला, बाहेर सायकल लावून किती तरी वेळ घंटीशी चाळा करत उभा होता. मग त्याने पत्र दिलं. त्या गृहस्थांनी लिहिलं होतं की चौघांच्या टेपचं काही करता येणार नाही. पण क्लॅरिओनेटवाला चांगला आहे. त्यांच्याकडे चार वादकांची एक छोटी रेकॉर्ड व्हायची आहे, क्लॅरिओनेटवाला गोव्याला निघून गेला आहे, तरी जानेवारीत याल काय?

सुनंदा म्हणाली, "छगनभाऊंना विचारा." मी विचारलं नाही. मी चार दिवसांची रजा टाकली आणि गेलो.

तिथं काच लावलेली खोली होती, थंड. पियानो, ड्रम, ट्रम्पेट आणि मी. ट्रम्पेटवाला माझ्यापेक्षा दहा वर्षांनी लहान, दात पांढरेशुभ्र. दुपारी सुरू केलं ते सहाच्या आत आटोपलं. सगळ्यांनी हात मिळवले. मला आनंद झाला होता, हे मी लपवणार नाही. तो आनंद कल्याणपर्यंत पुरला. पुढे इगतपुरी, मनमाड, आणि चाळीसगावला मी भुसावळची गाडी सोडली आणि धुळ्याच्या गाडीत बसलो.

तोताराम मास्तरांच्या बँडचं दुकान गल्लीत होतं. बाहेर दोरीवर लाल कोट वाळत घातलेले. आत छगनभाऊ जमिनीवर बसून एका कर्ण्याचा पोचा लाकडी हातोडीने ठोकून काढत होता. मी हाक मारली. त्याने वर बघितलं, आणि त्याचं तोंड आत गेलेलं होतं, म्हाताऱ्या बाईसारखं.

"बठ्ठा दात काढी टाकात," तो हसून म्हणाला. "दोन काढाले गऊ, डॉक्टर म्हने बाकीनाबी काही खरं नही." मग मला बसायला खोकं पुढे केलं, आणि चहा सांगितला. आता वरातीत तो बँडची गाडी ढकलतो, असं त्यानेच सांगितलं. ट्रम्पेटवर शिरपूरचा कुणी नवा घेतला होता.

मी वाटेत वाक्यं जुळवून आणली होती, ती एकही आठवली नाही. मी सरळ सांगून टाकलं. मुंबई, चार वादक, काचेची खोली, मी. तो हातोडी खाली ठेवून ऐकत राहिला. त्याने मला शिव्या घातल्या असत्या तर मी त्याचे पाय धरले असते. मला शिव्या हव्या होत्या.

चहा आला. त्याने बशीत ओतला, फुंकर घातली, आणि बोळक्या तोंडातून ती नुसतीच हवा गेली.

"तठला ट्रम्पेटवाला," त्याने विचारलं, "तुले जागा देस का? थांबस का तो?"

"थांबतो," मी म्हणालो.

"मंग बरं शे," छगनभाऊ म्हणाला. त्याने चहा संपवला आणि कर्णा पुन्हा मांडीवर घेतला.